पडीक, शाश्वत, व्यवस्थापन : शिरूर-दौंडमधून वाचलेला एक अभ्यासक्रम

आपल्याकडे समीक्षा होते ती कवितेची, कादंबरीची, फार तर आत्मचरित्राची. पाठ्यपुस्तकाकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. आणि अभ्यासक्रम नावाच्या दोन-चार पानी मजकुराकडे मजकूर म्हणून पाहावे, असे तर कोणाच्याही मनात येत नाही. पण वाचकसंख्या हा निकष लावला, तर पदवीच्या वर्गांत शिकवल्या जाणाऱ्या सक्तीच्या ‘पर्यावरण’ विषयाशी स्पर्धा करू शकेल असा मजकूर गेल्या वीस वर्षांत मराठी मुलखात क्वचितच सापडेल. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेचा विद्यार्थी असो, त्याला तो एकदा तरी वाचावा लागतो. वाचतो म्हणण्यापेक्षा पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो, असे कोणी म्हणेल. पण पाठ केलेले शब्द पूर्ण विसरले जात नाहीत. ते पुढे ग्रामसभेत, बँकेच्या प्रकल्प अहवालात, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत, स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पुन्हा उगवतात.

तो मजकूर येथे वाचायचा आहे, आणि वाचायला बसण्याची जागा म्हणून पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके निवडले आहेत. निवडीचे कारण साधे आहे. पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. भीमा, घोड, कुकडी, मुळा-मुठा अशा नद्या. ब्रिटिशकाळापासूनचे कालवे आणि त्यांवरचा ऊस. रांजणगाव आणि कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहती. माळरान, लांडगा, बिबट्या, वाळूउपसा, गुऱ्हाळे, आणि वरच्या अंगाला पुण्यासारखे महानगर. अभ्यासक्रमातली जवळपास प्रत्येक नोंद या दोन तालुक्यांत एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर सापडते. तरीही हा मजकूर आणि हा मुलूख एकमेकांना ओळखत नाहीत असे दिसते. हे का, याचे उत्तर मला प्रामुख्याने तीन शब्दांत सापडले.

आधी थोडा इतिहास. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला आणि शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचा आग्रह धरला. अंमलबजावणीला पुढे एक तप गेले. २००३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम आणला: आठ घटक, पन्नास तासिका, शंभर गुण. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्यातच लिहिले गेले. भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे डॉ. एरॅच भरुचा हे त्याचे लेखक. व्यवसायाने शल्यचिकित्सक आणि आयुष्यभर रानावनात हिंडलेला माणूस. त्यांचे पुस्तक प्रत्यक्ष पाहिलेल्या निसर्गावर उभे आहे. दख्खनच्या गवताळ प्रदेशाला त्यात स्वतःची जागा आहे. ही गोष्ट आधीच नोंदवतो, कारण पुढची टीका या पुस्तकावर नाही. पुस्तक आणि विद्यार्थी यांच्या मध्ये मराठी गाईड आले, अपेक्षित प्रश्नसंच आला, आणि ज्याचा तास कमी भरतो त्या प्राध्यापकाकडे हा विषय सोपवण्याची पद्धत आली. विद्यार्थ्याच्या हाती पोचते ते पुस्तकाचे सार, आणि त्या साराचा सांगाडा म्हणजे अभ्यासक्रम. म्हणून सांगाडाच वाचू.

पहिला शब्द ‘पडीक’. सहाव्या घटकात ‘सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण’ या मथळ्याखाली पडीक जमिनीचा विकास हा विषय येतो. आता याच अभ्यासक्रमाची मागची पाने उलटू. तिसऱ्या घटकात परिसंस्थांचे प्रकार आहेत: जंगल, गवताळ प्रदेश, वाळवंट, जलीय परिसंस्था. म्हणजे गवताळ प्रदेश ही स्वतंत्र परिसंस्था आहे, तिची अन्नसाखळी आहे, हे मान्य आहे. दुसऱ्या घटकात शेती आणि अतिचराई यांमुळे होणारे बदल आहेत. तिथे गवत हे चरून संपणारे काहीतरी आहे. आणि सहाव्यात तीच जमीन पडीक म्हणून सुधारण्यासाठी हजर होते. एकच माळ तीन घटकांत तीन वेगळ्या वेषांत येतो आणि तो एकच आहे, हे कुठेच सांगितलेले नाही.

शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्याला मात्र तो एकच असल्याचे ठाऊक असते, कारण तो त्याच्या गावाच्या शिवेवर असतो. पाटसच्या दक्षिणेला, कुरकुंभच्या आजूबाजूला, शिरूरच्या पूर्वेकडे असे माळ अजून शिल्लक आहेत. दौंडच्या शेजारी, सुप्याजवळ, मयूरेश्वर अभयारण्य आहे: जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, चिंकाऱ्यांसाठी राखलेले. त्याच्या कुंपणाबाहेरही चिंकारा असतो, लांडगा असतो, खोकड असते, धाविक असतो. पण कुंपणाबाहेर या जमिनीचे नाव बदलते. महसुलाच्या कागदावर ती पड, पोटखराबा किंवा गायरान होते. हे नाव निसर्गाने दिलेले नाही. जमिनीकडे सारा किती मिळेल या एकाच नजरेने पाहणाऱ्या व्यवस्थेने ते दिले आणि स्वातंत्र्यानंतर आपण ते जपून ठेवले. २००० साली केंद्र सरकारने उपग्रहचित्रांवरून पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढला, तेव्हा झुडपी आणि विनाझुडपी माळही त्यात पडीक म्हणूनच रंगवले गेले.

एकदा जमिनीला पडीक म्हटले की, तिच्यावर काहीही केले तरी ती सुधारणाच ठरते. औद्योगिक वसाहत आली तर विकास, सौर पट्ट्या आल्या तर हरित ऊर्जा, खड्डे खणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली तर वनीकरण. २०१९ मध्ये राज्याने एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले होते. असे खड्डे खणायला जी मुले जातात, त्यांत महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले असतात. तिसऱ्या घटकात गवताळ परिसंस्थेची अन्नसाखळी काढून दोन गुण मिळवलेली मुलेच त्या परिसंस्थेत खड्डे घेतात आणि त्यालाही गुण मिळतात. झाड म्हणजे पर्यावरण आणि गवत म्हणजे झाडाचा अभाव, हे समीकरण त्यांच्या मनात कोणी मुद्दाम भरवलेले नसते. ते ‘पडीक’ या शब्दातून आपोआप येते.

येथे मराठी वाङ्मयाच्या वाचकांनी कान टवकारावेत अशी एक गोष्ट आहे. माळ म्हणजे तुटलेल्या जंगलाचा उरलेला सांगाडा, ही समजूत खरी की खोटी, हे तपासण्यासाठी २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी एक वेगळा पुरावा पुढे आणला: जुने मराठी वाङ्मय आणि मौखिक परंपरा. पश्चिम महाराष्ट्रातल्या स्थळांशी जोडता येतील अशा ओव्या, कथा, चरित्रे यांतली रानटी झाडाझुडपांची नावे त्यांनी वेचली आणि पाहिले, की ही झाडे दाट जंगलातली आहेत की उघड्या, गवताळ प्रदेशातली. उत्तर उघड्या प्रदेशाच्या बाजूने आले, आणि तेही किमान साडेसातशे वर्षे मागे जाणारे. इंग्रज येण्याच्या, रेल्वेचे स्लीपर तोडले जाण्याच्या, ऊस येण्याच्या कितीतरी आधी येथे माळच होता. मेंढपाळांचे देव माळावर, खैराखाली, बाभळीखाली का राहतात, याचा शोध गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्यभर घेतला. त्या शोधाला आता वनस्पतिशास्त्राने दुसऱ्या बाजूने हात लावला आहे. आपले मध्ययुगीन वाङ्मय परिसंस्थेचा दस्तऐवज म्हणून वाचता येते, हे मराठी विभागाने सांगायला हवे होते. ते पर्यावरणाच्या अभ्यासकांनी सांगितले. ही तक्रार आपल्याच घरातली आहे, म्हणून तिथेच सोडतो.

पण यात पणाला काय लागले आहे, ते पाहा. दौंडच्या वर्गात धनगराचा मुलगा बसलेला असतो. अतिचराई हा पर्यावरणाच्या ऱ्हासाचा एक मुद्दा म्हणून तो पाठ करतो. त्याच्या आजोबांची मेंढरे पावसाळा संपताच कोणत्या वाटेने कोकणाकडे जातात, कोणत्या शेतात बसतात आणि लेंड्यांच्या खतापायी शेतकरी त्यांना कसे बोलावून घेतो, हे ज्ञान त्याच्याकडे असते. त्यासाठी प्रश्नपत्रिकेत जागा नसते. आपले घर हे ऱ्हासाचे कारण आहे, असे शिकून तो बाहेर पडतो. शिक्षणाने माणसाला त्याच्या घरापासून दूर न्यावे हे एका मर्यादेपर्यंत बरोबरच आहे, पण चुकीच्या कारणासाठी नेऊ नये.

दुसरा शब्द ‘शाश्वत’. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने जगाला जी कल्पना दिली तिचे मराठी नाव आपण ‘शाश्वत विकास’ असे ठरवले. हिंदीत त्याला ‘सतत विकास’ म्हणतात, टिकाऊही म्हणतात. मराठीने अध्यात्मातला शब्द उचलला. नाशिवंताच्या विरुद्ध ते शाश्वत. ब्रुंटलँड अहवालाचा भर याच्या अगदी उलट होता: संपणाऱ्या गोष्टींचे भान ठेवणे, आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना हात न लावणे. त्या कल्पनेच्या पोटात मर्यादा आहे. ‘शाश्वत’ या शब्दाला मर्यादा ठाऊकच नाही.

हा वाद निव्वळ शब्दकोशातला असता, तर एवढी जागा घेतली नसती. पण दौंडच्या बागायती पट्ट्यात ‘शाश्वत’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. शाश्वत पाणी म्हणजे खात्रीचे पाणी. पाऊस पडो न पडो, ज्याची सोय झालेली आहे ते. शाश्वत उत्पन्न म्हणजे दर वर्षी कारखान्याला ऊस जाऊन हमखास हातात येणारे पैसे. निवडणुकीच्या सभेत पुढारी शाश्वत पाणी देण्याचे वचन देतो, तेव्हा श्रोत्यांना तोच अर्थ कळतो आणि तो चुकीचा नसतो. कोरडवाहू मुलखात ज्याने दुष्काळ पाहिला, त्याच्या दृष्टीने खात्री हाच सर्वांत मोठा सद्गुण आहे. मग हा विद्यार्थी वर्गात ‘शाश्वत विकास’ हा शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या मनात उमटते ते काय? पुरवठा कधीही न तुटणारा विकास. विद्यापीठ त्याला संयम शिकवू पाहते, शब्द त्याला हमी देतो. पाच गुणांच्या उत्तरात व्याख्या बरोबर येते, समजूत उलटी राहते. याला विद्यार्थ्याचा मठ्ठपणा म्हणण्याचे कारण नाही. त्याला त्याची भाषा उत्तम येते.

खात्रीच्या पाण्याची गोष्टही सांगायला हवी, कारण सगळा अभ्यासक्रम तिच्यात दडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण झाले आणि मुठेचा उजवा कालवा तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, म्हणजे आजच्या दौंडकडे, आला. आज त्या जुन्या कालव्याला बेबी कालवा म्हणतात. पुढे नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड ओलांडून इंदापूरकडे गेला. शिरूरला चासकमानचे आणि डिंभ्याचे पाणी आले; चिंचणीला घोडवर धरण झाले. पाण्यामागे ऊस आला, उसामागे पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी कारखाने आले. दुसरीकडे पुणे वाढत गेले आणि ज्या धरणांतून दौंडला पाणी यायचे, त्यांचे पाणी शहर पिऊ लागले. पिऊन झाल्यावर ते मुळा-मुठेत सोडू लागले. ती नदी शिरूर-दौंडच्या सीमेवर रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तेच पाणी पुढे उजनीत साठते. शेवटी महापालिकेने मुंढव्याला जॅकवेल बांधून शुद्ध केलेले सांडपाणी, वर्षाला साडेसहा टीएमसी, याच बेबी कालव्यातून हवेली-दौंडच्या शेतीला द्यावे, अशी योजना झाली. शुद्ध किती आणि पोचते किती, यावर दर उन्हाळ्यात भांडण होते. दीडशे वर्षांपूर्वी धरणाचे गोड पाणी देण्यासाठी खोदलेला चर आता शहराने वापरलेले पाणी आणतो. पर्यावरणाच्या इतिहासावर एखाद्याला कादंबरी लिहायची असेल तर तिचा नायक हा कालवा होऊ शकेल.

आता अभ्यासक्रमाकडे वळा. पाचव्या घटकात जलप्रदूषणाची कारणे, परिणाम, उपाय आहेत, आणि शेवटी एक ओळ: प्रदूषण रोखण्यात व्यक्तीची भूमिका. दुसऱ्या घटकाच्या शेवटीही तसेच, नैसर्गिक साधनांच्या संवर्धनात व्यक्तीची भूमिका. गाईडमधले उत्तर ठरलेले: नळ बंद ठेवावा, दात घासताना पाणी वाया घालवू नये, प्लास्टिक टाळावे. राहू-पारगावच्या मुलाच्या घरी कदाचित चोवीस तास चालणारा नळच नाही. त्याच्या नदीत येणारी घाण त्याने टाकलेली नाही. त्याच्या शेतातला ऊस किती पाणी पितो, हा प्रश्न त्याला विचारायलाच हवा, आणि तोही अवघड प्रश्न आहे. क्षारपड झालेल्या जमिनी त्याच्या शिवारातही आहेत. पण नदीचे उत्तर व्यक्तीच्या भूमिकेत नाही. ते वरच्या आणि खालच्या गावांच्या नात्यात आहे. दर वर्षी पुण्यात कालवा सल्लागार समितीची बैठक होते, तिथे शहराला किती, आवर्तने किती, टेलला पाणी कधी, हे ठरते. पाणीअर्ज भरणारा बाप, पाटकरी आणि ती बैठक हे या तालुक्यातले खरे पर्यावरण व्यवस्थापन. त्यांतले एकही नाव अभ्यासक्रमात नाही. साधनांच्या समन्यायी वापराचा उल्लेख मात्र आहे, एका ओळीत, आणि तोही व्यक्तीच्या जीवनशैलीला बांधून.

सगळा दोष अभ्यासक्रमावर टाकणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. त्यात एक दार उघडे ठेवलेले आहे आणि ते आपण वापरलेले नाही. आठवा घटक म्हणजे क्षेत्रकार्य, शंभरपैकी पंचवीस गुणांचे. स्थानिक नदी, डोंगर, गवताळ प्रदेश यांची नोंद करा. स्थानिक प्रदूषित जागेला भेट द्या. भोवतालच्या वनस्पती, कीटक, पक्षी पाहा. साध्या परिसंस्थेचा अभ्यास करा. ‘स्थानिक’ हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. संपूर्ण मजकुरातला हा सर्वांत चांगला भाग आहे, आणि व्यवहारात तोच सर्वांत आधी गेला. पन्नास-साठ मुलांचे प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात एकाच फाइलमधून निघतात: मुखपृष्ठ, प्रस्तावना, उद्दिष्टे, जागतिक तापमानवाढ, ध्रुवीय अस्वलाचे चित्र, निष्कर्ष. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांभोवतीच्या विहिरींच्या तक्रारी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येतात. गुऱ्हाळांच्या चुलवणात चिपाडाबरोबर आणखी काय काय जळते, याचीही ओरड होते. भीमेच्या पात्रातून वाळू कशी जाते हे तर कोणाला विचारायलाच नको. पण वाळूवर प्रकल्प करायला प्राध्यापक मुलांना पाठवत नाहीत. का पाठवत नाहीत, हे तालुक्यात राहणाऱ्याला समजते. भीती खोटी नसते. ध्रुवीय अस्वल कोणाच्या घरी दमदाटीला येत नाही.

शिरूरकडे एक प्रकल्प असा आहे, की तिथे दमदाटीचाही धोका नाही. घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली, तिथली पांढरीची टेकाडे खणली. तिथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती निघाली. चौकोनी, प्रशस्त घरे; धान्यकोठार; पाच खोल्यांचे, बहुधा गावप्रमुखाचे घर; मुख्य पीक बार्ली, म्हणजे सातू. आणि नदीकडेचा एक बांध व त्यालगतचा चर. पुराचे पाणी वळवून साठवण्याची ती सोय असावी, असे उत्खनकांनी मानले. म्हणजे पुण्याचे इंजिनिअर येण्याच्या तीन हजार वर्षे आधी या तालुक्यात पाणी वळवले गेले होते. मग इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चित्र बदलते. घरे लहान, गोल, खड्ड्यातल्या झोपड्यांसारखी होतात. शेती रोडावते, शिकार आणि पशुपालन वाढते. शेवटी वस्ती उठते. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. पुढच्या अभ्यासकांपैकी काहींनी त्यावर शंका घेतली. नुसत्या हवामानावर सगळा भार टाकता येतो का, असे विचारले. हा वाद मिटलेला नाही, आणि म्हणूनच तो वर्गात न्यावा असा आहे. पाण्याची खात्री गेल्यावर माणसे काय करतात? बांध अधिक उंच करतात, पीक बदलतात, जनावरांमागे निघतात की निघून जातात? शिरूरच्या मुलाला हा प्रश्न आपल्या पायाखालच्या मातीवर उभे राहून विचारता येतो.

पर्यावरणाच्या पुस्तकांत शेतीच्या उगमाची, प्राचीन संस्कृतींची आणि त्यांच्या ऱ्हासाची चर्चा येते तेव्हा मेसोपोटेमिया येतो, सिंधू येते. इनामगाव येत नाही. पुरातत्त्व इतिहासाच्या खात्यात, पाणी भूगोलाच्या, कालवा पाटबंधारे खात्याच्या. विषयांच्या भिंती ओलांडणे हे पर्यावरणशास्त्राचे पहिलेच वचन. अभ्यासक्रमाचा पहिला घटक त्यावरच आहे. त्याला दोन तासिका आहेत.

तिसरा शब्द नवा आहे. २०२३ मध्ये आयोगाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून पदवीस्तरासाठी पर्यावरण शिक्षणाची नवी चौकट दिली. नैसर्गिक साधने आणि शाश्वत विकास हा एक घटक, हवामानबदल हा स्वतंत्र घटक, आणि ‘पर्यावरण व्यवस्थापन’ हाही स्वतंत्र घटक. आयएसओ १४००१, जीवनचक्र विश्लेषण, खर्च-लाभ विश्लेषण, पर्यावरणीय लेखापरीक्षण, आघात मूल्यांकन, इकोमार्क. जुन्या अभ्यासक्रमाची भाषा निसर्गप्रेमी शिक्षकाची होती; या घटकाची भाषा कारखान्याच्या कार्यालयातली आहे. ते वाईटच आहे असे नाही. रांजणगावच्या वसाहतीत मोठमोठ्या कंपन्या आहेत, घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे केंद्रही तिथेच आहे, आणि शिरूरच्या मुलीला तिथल्या पर्यावरण विभागात नोकरी मिळायची असेल तर तिला आयएसओ १४००१ माहीत असायलाच हवे. प्रश्न असा, की व्यवस्थापन कोणाच्या बाजूने शिकवायचे? आघात मूल्यांकनाच्या टेबलाला दोन बाजू असतात. एका बाजूला अहवाल लिहिणारा सल्लागार बसतो, दुसऱ्या बाजूला तो ऐकणारे गाव. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी व्हावी लागते. अहवाल इंग्रजीत, आणि गावासाठी स्थानिक भाषेत सारांश. त्या सारांशातले मराठी वाचून गावाने हरकत घ्यायची असते. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा तो इंग्रजी आणि हिंदीतच होता. आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत त्याचा अनुवाद करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावे लागले.

म्हणजे भाषेचा मुद्दा येथे शोभेचा नाही. असा सारांश ज्याला वाचता येतो, त्यातली ‘पडीक’ ही नोंद पाहून ‘थांबा, हे आमचे गायरान आहे आणि येथे लांडग्याची बिळे आहेत’ असे ज्याला उभे राहून म्हणता येते, असा पदवीधर गावात असणे आणि नसणे यांत फरक पडतो. अभ्यासक्रम त्याला मूल्यांकनाची व्याख्या शिकवतो. सारांश कसा वाचायचा, हरकत कुठे आणि कशी नोंदवायची, हे शिकवत नाही.

बिबट्याचेही तसेच. मानव-वन्यजीव संघर्ष ही ओळ २००३ पासून अभ्यासक्रमात आहे. शिरूर हा जुन्नर वन विभागाचा भाग. उसात जन्मलेले, उसातच वाढलेले बिबटे येथे दोन पिढ्या लोकांनी पाहिले आहेत. विद्या अत्रेय यांनी याच विभागातल्या नोंदी तपासून २०११ मध्ये दाखवले, की पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने हल्ले कमी झाले नाहीत, उलट सोडल्या त्या भागात वाढले. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याने हे वाचून सहजीवनावर निबंध लिहिणे सोपे आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली, लोक रस्त्यावर उतरले. त्या गावचा विद्यार्थी ‘सहजीवन’ हा शब्द कसा लिहील? ‘संघर्ष’ तरी कसा लिहील? रात्री पाळीने वीज येते म्हणून उसाला पाणी द्यायला अंधारातच जावे लागते, ही गोष्ट ऊर्जेच्या घटकात जाते की वन्यजीवांच्या? त्याच्या उत्तरपत्रिकेत या दोन घटकांची गाठ पडली, तर तपासनीस ती चूक समजेल की गुण देईल, याची मला खात्री नाही.

या तालुक्यांतल्या महाविद्यालयांत दर वर्षी शेकडो मुले हे पंचवीस गुणांचे क्षेत्रकार्य मराठीत लिहितात. त्यांतले दहा जरी खरे असतील, म्हणजे कोणी आपल्या विहिरीची पातळी महिन्यागणिक लिहिली असेल, कोणी आजीकडून माळावरच्या गवतांची नावे उतरवून घेतली असतील, कुसळी, पवना, मारवेल अशी, कोणी टेलच्या शेतापर्यंत आवर्तन किती दिवसांनी पोचले याची वही ठेवली असेल, तर वीस वर्षांत दोनशे वह्या झाल्या असत्या. दोन तालुक्यांचा असा पर्यावरणीय दस्तऐवज आज कोणत्याच सरकारी खात्याकडे नाही. गुण विद्यापीठाकडे पाठवले की अशा वह्यांचे काम संपते आणि त्या रद्दीत जातात. नव्या चौकटीतही क्षेत्रकार्य आहे. ग्रंथालयात एक लोखंडी कपाट, त्यावर गाववार चिठ्ठ्या, आणि पुढच्या वर्षीच्या मुलाने आधीच्या वर्षीची वही वाचून तिथून पुढे लिहायचे, एवढाच नियम. त्यासाठी आयोगाची परवानगी लागत नाही.